ओस पडत चाललेला ईमेल ग्रुप बंद करावा का?

वाचकाचे पत्र:

मी जन्मापासून अंध असून कोल्हापुरात एका बँकेत नोकरी करतो. निवृत्तीला आता थोडीच वर्षे राहिली आहेत. पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी मराठी बोलणाऱ्या अंध संगणक-वापरकर्त्यांसाठी ईमेलवर चर्चेचा एक ग्रुप सुरू केला आणि तेव्हापासून त्याची व्यवस्था मीच पाहतो. एके काळी रोज पंचवीस-तीस पत्रे येत. आता आठवड्याला एखादे येते आणि तेही बहुधा नांदेडच्या एका सदस्यांचे असते, ज्यांना ऐकूही फार कमी येते. बाकीचे सगळे व्हॉट्सॲपवर गेले आहेत आणि तिथे दिवसभर व्हॉइस नोट चालू असतात. तरुण मुले मला म्हणतात, “काका, ईमेल आता कोण वाचतं?” माझा मुलगा म्हणतो की एआयला विचारले की सगळी उत्तरे मिळतात, ग्रुप कशाला हवा? मला वाईट वाटते आणि रागही येतो. लोकांना परत आणण्यासाठी काही करता येईल का? की सरळ ग्रुप बंद करून टाकावा?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन टाकते आणि मग कारणांकडे वळते. ग्रुप बंद करू नका. मात्र गेलेल्या माणसांना परत आणण्याची खटपटही करू नका. तिच्यात तुमची उरलेली उमेद संपेल आणि हाती काही लागणार नाही. हे दोन्ही सल्ले एकमेकांच्या विरुद्ध वाटतील, पण तसे नाही. तुमचा ग्रुप इतकी वर्षे दोन निरनिराळी कामे एकाच वेळी करत होता. एक काम सोबतीचे होते. ज्या कार्यालयात, ज्या गावात स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरणारा आपण एकटाच आहोत, तिथल्या माणसाला आपल्यासारखी आणखी माणसे आहेत हे रोज कळत होते. दुसरे काम उत्तरे लिहून ठेवण्याचे होते. एकाला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या दहा जणांना सापडावे अशा जागी राहत होते. पहिले काम व्हॉट्सॲपने उचलले आहे आणि ते बऱ्यापैकी होते आहे. दुसरे काम मात्र कोणीच उचललेले नाही. तुम्ही जपायचे ते हे दुसरे काम.

आधी तुमच्या रागाविषयी थोडे बोलू, कारण तो मनात ठेवून पुढचे काही नीट होणार नाही. आपल्या पिढीतल्या अंधांनी संगणक शिकला तो टेबलावरचा. जॉज हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीसाठी आणि १९९५ मध्ये विंडोजसाठी आला. आपल्याकडे तो संस्थांच्या संगणक-वर्गांतून पोहोचला, आणि त्याची किंमत इतकी होती की स्वतःच्या पैशाने विकत घेणारा माणूस विरळा. ज्याला तो मिळाला त्याला शिकवायला जवळ कोणी नसे, म्हणून ग्रुप लागत असे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीएचे काम सुरू केले, पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्यात सामील झाला, आणि फुकट मिळणारा, कोणालाही उतरवून घेता येणारा स्क्रीन रीडर आपल्या हाती आला. २००९ मध्ये आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक हे फोनमधलेच स्क्रीन रीडर आले. आज अंध शाळेतल्या मुलाच्या हातात पहिल्यांदा फोन येतो, संगणक पुष्कळ उशिरा, आणि कित्येकांच्या हातात तो येतच नाही. त्या मुलाला मराठी टंकलेखन कोणी शिकवलेले नसते; बोलून मजकूर पाठवणे त्याला सोपे पडते. तो कृतघ्न नाही. त्याच्या हातात जे साधन आहे, त्या साधनाच्या वाटेने तो गेला.

शिवाय ओहोटीचा काही भाग आनंदाचा आहे, हेही मान्य केले पाहिजे. स्क्रीन रीडर कसा बसवायचा, आवाज गेला तर काय करायचे, विंडोज नव्याने टाकताना डोळस माणसाला किती वेळ बसवून ठेवायचे, असल्या प्रश्नांची पत्रे आता येत नाहीत, कारण ते प्रश्नच बरेचसे उरलेले नाहीत. विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, नॅरेटर, सुरुवातीपासून बोलतो. ती पत्रे थांबली म्हणून आपण खेद करू नये.

काही भाग मात्र कोणाच्या मनात नसताना, तांत्रिक कारणांनी घडला. एप्रिल २०१४ मध्ये याहूने, आणि पाठोपाठ एओएलने, असा नियम लावला की आमच्या पत्त्यावरून निघालेले म्हणून दिसणारे पत्र दुसऱ्याच सर्व्हरवरून आले तर ते नाकारावे. फसव्या पत्रांना आळा घालण्यासाठी हे होते, पण चर्चेचा ईमेल ग्रुप चालतो तोच मुळी सदस्याचे पत्र घेऊन सर्वांना पुढे पाठवण्यावर. जगभरच्या ग्रुपांची पत्रे उसळून परत आली, आणि पत्रे परत येतात म्हणून ग्रुपच्या व्यवस्थेने भलत्याच सदस्यांची टपाल आपोआप बंद केली. त्यांना वाटले ग्रुप शांत झाला. ग्रुपला वाटले सदस्य गप्प झाले. मग असे ग्रुप जिथे चालत, ती याहू ग्रुप्स ही सेवाच गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये घोषणा झाली, थोड्याच महिन्यांत जुनी पत्रे आणि फाइली काढून टाकल्या गेल्या आणि १५ डिसेंबर २०२० रोजी सेवा पूर्ण बंद झाली. ज्या ग्रुपांच्या चालकांनी वेळेत आपले सामान हलवले ते दुसरीकडे, विशेषतः ग्रुप्स डॉट आयओ या ईमेल ग्रुपांच्या सेवेवर, पुन्हा उभे राहिले. ज्यांच्या चालकांचे लक्ष नव्हते किंवा जे चालक हयातच नव्हते, त्यांचा सगळा लिखित ठेवा गेला. युजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-जाळ्यावरही अंध संगणक-वापरकर्त्यांचा गट होता. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गुगल ग्रुप्सने युजनेटची नवी पत्रे घेणे थांबवले, आणि तिथे पोहोचण्याचा सोपा दरवाजा मिटला. म्हणून तुम्ही पहिल्यांदा एक साधी गोष्ट करा. ग्रुपच्या सदस्ययादीत ज्यांची पत्रे परत येतात अशी खूण आहे, ती नावे शोधून काढा आणि त्यांतल्या ओळखीच्यांना फोन करा. त्यांतले काही जण ग्रुप सोडून गेलेलेच नसतील.

आणखी एक कारण आहे, आणि ते लिहिणे मला भाग आहे. आपल्या ग्रुपांवर नवख्या माणसाशी बोलण्याची रीत चांगली नव्हती. नुकतीच दृष्टी गेलेला एखादा चाळिशीतला शिक्षक धीर करून पहिला प्रश्न विचारतो आणि त्याला उत्तर मिळते, “हा प्रश्न शंभर वेळा विचारून झाला आहे, जुनी पत्रे शोधा.” जुनी पत्रे शोधणे हेच तर त्याला येत नव्हते. जॉज चांगला की एनव्हीडीए यावर महिनोन्महिने वाद चालत आणि त्यात जिंकणाऱ्याच्याही पदरात काही पडत नसे. स्त्री सदस्यांचा अनुभव याहून वाईट होता. ग्रुपवर प्रश्न विचारला की पत्ता सर्वांना दिसे आणि मग नको असलेली खासगी पत्रे सुरू होत. अशा स्त्रियांची पत्रे मला या सदरात येत असतात. त्यांतल्या बहुतेकींनी तक्रार न करता ग्रुप सोडला. तुमच्या ग्रुपमध्ये हे घडले की नाही, हे तुम्हालाच ठाऊक. घडले असेल, तर पुढच्या टप्प्यात ते होऊ देऊ नका.

आता मूळ मुद्द्याकडे येते. लिहिलेले उत्तर आणि बोललेले उत्तर यांत आपल्यासारख्यांना नेमका काय फरक पडतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण हे सदर डोळस मंडळीही वाचतात म्हणून सविस्तर सांगते. सकाळी ग्रुपची चाळीस पत्रे आलेली असली, तरी मी खालचा बाण दाबत जाते, स्क्रीन रीडर पाठवणाऱ्याचे नाव आणि विषय सांगतो, आणि विषयाचे पहिले दोन शब्द कानावर पडताच पत्र उघडायचे की पुढे जायचे हे ठरते. सगळी छाननी काही मिनिटांत होते. उघडलेले पत्र मी सरावाच्या वेगाने ऐकते. डोळस माणसाला त्या वेगातले एक वाक्यही कळत नाही. जिथे नेमकी कळ सांगितली आहे त्या ओळीवर मी थांबते, एकेक अक्षर ऐकते, कंट्रोल म्हटले आहे की ऑल्ट याची खात्री करते, दुसऱ्या खिडकीत जाऊन तीच कळ दाबून पाहते आणि पुन्हा पत्राकडे येते. हेच उत्तर व्हॉट्सॲपवर साडेतीन मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये येते. तिचा विषय ऐकल्याशिवाय कळत नाही. वेग दुप्पट करता येतो, पण मजकूर चाळता येत नाही. कळीचे नाव पुसट ऐकू आले तर सगळा भाग पुन्हा ऐकावा लागतो. तीन महिन्यांनी तोच प्रश्न पडला, तर ती नोट कोणी आणि कधी पाठवली होती हे आठवून शेकडो नोटांमधून ती शोधावी लागते. आणि आज ग्रुपमध्ये आलेल्या माणसाला तर दोन वर्षांपूर्वीची ती नोट मिळतच नाही. मग तो तोच प्रश्न विचारतो, आणि कोणीतरी सज्जन माणूस तेच उत्तर पुन्हा साडेतीन मिनिटे बोलतो. तो सज्जन माणूस एक दिवस थकणार आहे.

आवाजाचे मोल मी कमी लेखत नाही. नुकत्याच अंध झालेल्या माणसाला दुसऱ्या अंध माणसाचा हसता, शांत आवाज ऐकून जो धीर येतो, तो कोणत्याही पत्राने येणार नाही. त्यासाठी व्हॉट्सॲप राहू द्या.

पण तुमच्या नांदेडच्या सदस्यांचे काय? तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख जाता जाता आला आहे. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटला. ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही किंवा फार कमी येते, असे लोक ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे मजकुराचे ब्रेल ठिपके उठवणाऱ्या यंत्रावर, बोटांनी वाचतात, आणि ब्रेल डिस्प्लेला अक्षरे लागतात. लिहिलेले पत्र त्यांच्यापर्यंत जसेच्या तसे पोहोचते. व्हॉइस नोट त्यांच्यासाठी बंद पेटी आहे. पायऱ्यांपाशी उतार नसला तर आपला समाज आता निदान संकोचतो तरी. अंधांच्याच ग्रुपमधून एका बहिरांध माणसाला असे बाहेर ठेवले जाते, याचा मात्र कोणालाच पत्ता नसतो. इतर कोणतेही कारण नसते आणि हे एवढे एकच असते, तरी ग्रुप बंद करू नका असेच मी तुम्हाला सांगितले असते. त्यांना एक पत्र लिहा आणि त्यांना ग्रुपकडून काय हवे आहे ते विचारा. माझ्या सल्ल्याच्या आधी त्यांचा सल्ला घ्या.

मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते झिडकारू नका. २०२३ पासून बी माय आइज या ॲपमध्ये छायाचित्राचे वर्णन यंत्राकडून मिळते. पूर्वी ज्या गोष्टीसाठी शेजाऱ्याची वाट पाहावी लागे, ती आता घरबसल्या कळते. एक्सेलमधले सूत्र, पत्राचा मसुदा, इंग्रजी सूचनेचा अर्थ यासाठी एआय मीही वापरते. पण स्क्रीन रीडरसंबंधीच्या प्रश्नांत त्याचा एक दोष वारंवार आढळतो. जी कळ त्या प्रोग्रॅममध्ये नाहीच, ती तो ठामपणे सांगतो, किंवा “वर उजव्या कोपऱ्यातले निळे बटण दाबा” असे सांगतो. डोळस माणूस पडद्याकडे पाहून चूक ओळखतो. नवशिका अंध माणूस कळ दाबतो, काहीच घडत नाही, आणि चूक आपलीच असेल असे समजून पुन्हा पुन्हा दाबत राहतो. ज्याने ती कळ स्वतः दाबून पाहिली आहे अशा माणसाचे उत्तर वेगळे असते. आणि तुमच्या बँकेच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये खातेक्रमांकाच्या चौकटीपर्यंत टॅबने कसे पोहोचायचे, हे तर ज्यांनी कुठे लिहून ठेवले असेल त्यांच्याखेरीज कोणालाच माहीत नाही, यंत्राला तर नाहीच.

एक उदाहरण घेते, कारण मराठी ग्रुपची गरज त्यातून सर्वांत स्पष्ट होते. कार्यालयातून एक मराठी वर्ड फाइल येते. डोळस सहकाऱ्याला ती स्वच्छ मराठी दिसते. आपला स्क्रीन रीडर मात्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे बडबडत सुटतो. नवख्याला वाटते आपला मराठी आवाज बिघडला. खरे कारण असे की ती फाइल युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये टंकलेली आहे. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणारी पद्धत.) पडद्यावर आकार ‘क’चा दिसतो, पण फाइलमध्ये साठवलेला संकेत कुठल्यातरी इंग्रजी अक्षराचा असतो, आणि स्क्रीन रीडर आकार पाहत नाही, संकेत वाचतो. उपाय असा की इन्सर्ट आणि एफ दाबून आधी फॉन्टचे नाव ऐकावे, त्या फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये घ्यावा, जोडाक्षरे आणि रफार नीट आले आहेत का ते तपासावे. परिवर्तक सापडला नाही, तर फाइल पीडीएफ करून ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली मराठी अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढावी. आणि पुढच्या वेळी पाठवणाऱ्याला युनिकोडमध्येच टंकायला सांगावे. ही अडचण अमेरिकेतल्या ग्रुपवर कोणाला येत नाही. अॅक्सेस इंडियासारख्या अंधांच्या देशभरच्या ईमेल ग्रुपचा व्यवहार इंग्रजीत चालतो, आणि सांगली-परभणीचा जो माणूस इंग्रजीत प्रश्न मांडायला कचरतो तो तिथे गप्पच राहतो. त्याच्या प्रश्नाचे मराठीतले, तपासलेले, लिहिलेले उत्तर तुमच्या ग्रुपच्या जुन्या पत्रांत पडून आहे. हे उत्तर गेले तर पुन्हा कोण लिहील, हा प्रश्न स्वतःला विचारा.

लिखित नोंदीचा दुसरा उपयोग हक्कांच्या कामात होतो, आणि तुम्ही बँकेत असल्यामुळे तो तुम्हाला चटकन पटेल. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवायसीसंबंधीच्या (ग्राहकाची ओळख पटवण्याच्या प्रक्रियेसंबंधीच्या) याचिकांवर निर्णय देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसीची प्रक्रिया अपंग व्यक्तींना करता येईल अशी व्हावी म्हणून वीस निर्देश दिले. समोर खराच माणूस आहे हे पटवण्यासाठी डोळे मिचकावून दाखवा, या अटीपाशी अडलेल्या कित्येकांचा तो प्रश्न होता. आता निर्देश पाळले जातात की नाही हे दाखवायचे, तर तारीख, ॲपची आवृत्ती, कोणत्या पायरीवर अडले आणि तक्रारीला काय उत्तर आले, हे सगळे लिहिलेले लागते. ते लिहायला सांगणारी आणि एकत्र ठेवणारी जागा तुमच्याकडे आधीच आहे.

तर काम असे सुरू करा. सर्वांत आधी जुनी पत्रे उतरवून घ्या. ग्रुप गुगलवर असेल तर मालक म्हणून तुम्हाला गुगलच्या टेकआउट या सोयीतून ती एका फाइलमध्ये मिळतील. ग्रुप्स डॉट आयओवरही मालकाला अशी सोय आहे. ती फाइल थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममध्ये ॲड-ऑन घालून उघडता येते. तिच्या प्रती निदान दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवा, आणि त्यांपैकी एक तुमच्या घराबाहेर असू द्या. हे या महिन्यातच करा. बाकीचे सावकाश झाले तरी चालेल.

लगोलग ग्रुपला आणखी दोन मालक जोडा. आज सगळा ग्रुप तुमच्या एका खात्यावर उभा आहे. ते खाते बंद पडले, पासवर्ड हरवला किंवा तुम्हाला आजारपण आले, तर ग्रुपला दार उघडणारा कोणी राहणार नाही. दोघांपैकी एक व्यक्ती तिशीच्या आतली असावी, आणि एक स्त्री असावी. ‘काका’ म्हणणाऱ्या त्या मुलांपैकीच कोणाला तरी विचारा. ईमेल कोण वाचतं असे म्हणणारा मुलगाही, त्याच्यावर विश्वास टाकून जबाबदारी दिली, तर ती घेतो.

जुनी पत्रे जशीच्या तशी सर्वांसाठी खुली मात्र करू नका. त्यांत फोन क्रमांक आहेत, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांचे तपशील आहेत, वरिष्ठांशी झालेले खटके आहेत, घरातल्या अडचणी आहेत. लोकांनी ते आपल्या माणसांत बोलतो आहोत असे समजून लिहिले होते. त्यांतून फक्त प्रश्न आणि उत्तरे निवडा. ज्याने उत्तर लिहिले त्याला विचारा, आणि तो हो म्हणाला तरच नाव घाला. निवडलेल्या मजकुराचे एक साधे पान करा. सजावट नको, चित्रे नकोत. प्रत्येक प्रश्न शीर्षक म्हणून द्या, म्हणजे एच ही कळ दाबत एका प्रश्नावरून दुसऱ्यावर जाता येईल. प्रश्न लोक विचारतात त्याच शब्दांत ठेवा, “मराठी फाइल उघडली की इंग्रजी बडबड ऐकू येते” असा. शोधणारा माणूस त्याच शब्दांनी शोधणार आहे. उत्तराखाली ते कधी आणि कोणत्या आवृत्तीवर तपासले ते लिहा. इंटरनेट एक्सप्लोररविषयीची सगळी पत्रे आता टाकून द्यायला हरकत नाही. स्काइपही मे २०२५ मध्ये बंद झाले. उलट, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे जुन्या जॉजसह विंडोज ११ वर जाता येते का, हा प्रश्न आज सर्वांनाच पडला आहे. पहिले नवे उत्तर त्याचे लिहा.

हे पान, आणि ग्रुपही, कोणा एका कंपनीच्या ॲपच्या आत ठेवू नका. जानेवारी २०२३ मध्ये ट्विटरने बाहेरची ॲप्स अचानक बंद केली, तेव्हा स्क्रीन रीडरला सोयीच्या अशा ॲप्समधून तिथे वावरणाऱ्या अंध लोकांची वाट तुटली. त्याच वर्षी रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने बाहेरच्या ॲप्सना शुल्क लावले, आणि तिथल्या अंध सदस्यांनी जोरदार आवाज उठवल्यावर काही मोजक्या ॲप्सना सूट मिळाली. ईमेलचे तसे नाही. ते कोणा एकाच्या मालकीचे नाही, आणि एक प्रोग्रॅम आवडला नाही तर तीच पत्रे दुसऱ्यात वाचता येतात. आज ते जुनाट वाटत असले तरी आपल्या दृष्टीने त्याचा हा गुण अजून कोणी मागे टाकलेला नाही.

व्हॉट्सॲपशी भांडण नको. तिथल्या ॲडमिनला एवढेच सांगा की एखादा प्रश्न सुटला की त्या दिवशी कोणीतरी एकाने पाच ओळी लिहून ईमेल ग्रुपला पाठवाव्यात: प्रश्न काय होता, कोणती कळ, कोणती आवृत्ती, कोणी करून पाहिले. आठवड्याला पाळी लावा. बोलून मजकूर लिहिला तरी चालेल, फक्त पाठवण्यापूर्वी कळींची नावे एकदा वाचून घ्यावीत. आणि व्हॉट्सॲपवर कोणी जुनाच प्रश्न विचारला, तर “आधी होऊन गेला आहे” असे न म्हणता त्या उत्तराचा दुवा द्यायचा, हा नियम सर्वांनी पाळावा. दुवा मिळालेला माणूस आपणहून त्या पानावर दुसरे प्रश्नही वाचू लागतो. रोज तीस पत्रे पुन्हा येणार नाहीत. महिन्याला तपासलेली पाच-सहा उत्तरे जमली, तरी ग्रुप आपले काम करतो आहे असे समजा, आणि पत्रांची संख्या मोजणे सोडून द्या.

शेवटी तुमच्याविषयी. पत्रात तुम्ही स्पष्ट लिहिलेले नाही, पण तुम्ही थकला आहात असे मला जाणवले. इतकी वर्षे बिनपगारी, रोज, सुट्टीच्या दिवशीही हे काम केल्यावर थकणे स्वाभाविक आहे, आणि निवृत्त होण्याचा अधिकार तुम्हाला इथेही आहे. ॲपलची साधने वापरणाऱ्या अंध लोकांचे ॲपलव्हिस हे २०१० पासून चाललेले संकेतस्थळ २०२४ च्या ऑगस्टअखेर बंद होणार, असे चालकांनी जाहीर केले होते. ते जाहीर केले म्हणूनच बी माय आइज ही कंपनी पुढे आली आणि ते संकेतस्थळ आजही चालू आहे. तेव्हा ज्या दिवशी तुम्हाला थांबावेसे वाटेल, त्याच्या निदान सहा महिने आधी ग्रुपवर आणि व्हॉट्सॲपवर तसे स्वच्छ लिहा, कोण पुढे येते ते पाहा, नव्या मालकांना पासवर्ड आणि प्रती सुपूर्द करा, आणि साधा सदस्य म्हणून राहा. बँकेच्या प्रोग्रॅमविषयीची उत्तरे तेव्हाही तुमच्याइतकी नेमकी दुसरे कोणी देऊ शकणार नाही. ती मात्र निवृत्तीच्या आधी, संगणक समोर असतानाच, लिहून काढा.